सशाच्या पायाचा चिमटा

रविवार, ३ मार्च
जमलं! आधी स्नायू सैल करणारं इंजेक्शन, दहा मिनिटांनी भुलीचं — आणि भूल नेहमीच्या निम्मीच! ससा दीड मिनिटात आडवा. चिमट्याने पाय दाबला, हूं नाही की चूं नाही. धरायला अबू झिया होताच. प्राणीघराचा राखणदार, वीस वर्षं सशांना दाणापाणी घालतोय. म्हणाला, तुझ्या कहतानलाही टोच एक, घोरणं तरी थांबेल. नवऱ्याची कीर्ती कुठवर पोचलीय!

मंगळवार, ५
आठपैकी आठ गप्प. जागं होतानाही धडपड नाही. माझे मार्गदर्शक उस्ताद मुवफ्फक खूश, चहा स्वतः ओतला. चिमट्याची परीक्षा — पाय हलला नाही तर वेदना नाही — त्यांनीच बसवलेली, सगळे तीच वापरतात. एप्रिलात प्रबंध दिला की कॉलेजात माझी जागा पक्की.

शुक्रवार, ८
सुट्टी. मोसूलच्या मावशीचा खिमा भरलेला कुब्बा खाल्ला. मनसोक्त झोपले.

रविवार, १०
चिमटा लावला की अबू झिया तोंड फिरवत होता. वीस वर्षांनी घाबरायला लागलात का, विचारलं. तर म्हणाला, "पोरी, पाय हलत नाही, पण तू दाबलंस की ह्याचं काळीज माझ्या तळव्याला धडका मारतं. दर वेळी."
खरं वाटेना. सशाच्या छातीखाली माझा हात घातला, चिमटा त्याला दाबायला लावला.
खरंच! पाय हलणार कसा? हलवायचं बळच आम्ही आधी काढून घेतलेलं. झोपला नव्हता बिचारा, नुसता सैल पडला होता. आणि मी आठ वेळा लिहिलंय — ‘वेदना नाही’. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार, ११
सांगितलं तर प्रबंध गेला, जागाही गेली. कहतान म्हणाला, ससा थोडाच तक्रार करणार आहे? मग दोन घास खाऊन स्वतःच म्हणाला, जा, सांगून टाक.

मंगळवार, १२
सांगितलं. उस्तादांनी माझी वही पुन्हा चाळली. मग एवढंच — भूल वाढव, ठोके मोजून पुन्हा कर.

रविवार, १७
पाऊण भूल लागते, निम्मी नाही. पण पाऊणमध्ये चिमटा दाबला तरी ठोके एकसारखे! प्रबंध लांबला तर लांबू दे. आज जेवण गोड लागलं.

सोमवार, १८
उस्ताद सकाळपासून प्राणीघरात खाली बसलेत. मांडीवर ससा, छातीखाली तळवा. शेजारी स्नायू सैल करणाऱ्या ह्याच इंजेक्शनावरचे त्यांचे अकरा वर्षांचे शोधनिबंध, सगळे चिमट्यावर बेतलेले. त्यांनी विचारलं, "अबू झिया, मला कधी बोलला नाहीस?"
"उस्ताद, तुम्ही फक्त पायाचं विचारायचात."