शेवग्याचा पाला आणि शिसं

माय, मागच्या मंगळवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी देऊळगाव राजाला आपल्या घरी आली आणि तिनं शेवग्याचा पाला मागितला. भाजीला नाही, पीएच.डी.ला. ती आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गाभण उंदरांना पाण्यातून थोडं शिसं द्यायचं, त्यांतल्या काहींना सोबत शेवग्याच्या पाल्याचा अर्क द्यायचा, आणि पिल्लं झाली की त्यांच्या मेंदूत काही फरक दिसतो का ते पाहायचं, असा तिचा विषय आहे. बसायलाही न सांगता मी तिला वर्गातल्यासारखे चार प्रश्न विचारले. ती म्हणाली, "मॅडम, बऱ्याच वनस्पतींवर अशी कामं झालीत. उंदरांमध्ये नुकसान थोडं कमी झालेलं दिसतं. माणसांचं मात्र आज कोणी काही सांगू शकत नाही." हे शेवटचं वाक्य तिनं मी न विचारता म्हटलं, म्हणून मी चहा ठेवला. आपला भाऊ, तुझा धाकटा, ओट्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "उंदराले नुसता पालाच देता का, मॅडम? संगं भाकर नाही?" ती हसली, मीही हसले. आणि मला स्वयंपाकघरातली ती सकाळ आठवली, जिच्याबद्दल तू आणि मी नंतर कधीच बोललो नाही.

बाबांचं दुकान जालना रोडला होतं, ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं कढईत वितळवायचं, पुन्हा ओतायचं. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा सदरा राखाडी झालेला असे, आणि त्याच सदऱ्यानं ते जेवायला बसत. कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे. तो सदरा मागच्या दगडावर झटकला की बारीक धूळ उडायची, जिभेवर गोडसर चव यायची. दुकानात जागा कमी पडली की बाबा फुटक्या बॅटऱ्या आपल्या परसातच आणून रिकाम्या करत.

भाऊ झाला तेव्हा मी बुलढाण्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तो उशिरा बसला, उशिरा चालला, बोलला तर फारच उशिरा. गुरुजी दरवर्षी म्हणायचे, याला पुढच्या वर्षी आणा. आजीनं निकाल केव्हाच देऊन टाकला होता, "इनं गिऱ्हानात भाजी चिरली." गल्लीतल्या बायाही तेच म्हणत. तू मान खाली घालून ऐकत होतीस. एकदाही म्हणाली नाहीस, की ग्रहणाच्या दिवशी घरात भाजीच नव्हती.

मी बी.एस्सी. होऊन नोकरीला लागले आणि सुट्टीत घरी आले, ती ही सकाळ. तू भाकरी थापते आहेस. भाऊ, पाच-सहा वर्षांचा, तुझ्या पाठीला टेकून बसलाय. आजी पुन्हा ग्रहणाचं काढते आणि मी तडकते. तुझी बाजू घ्यायची म्हणूनच तडकते, हे तुला कळलं असावं अशी माझी आशा आहे. मी म्हणते, "ग्रहण-बिहण काही नाही. शिसं आहे हे. बाबांच्या कपड्यांतलं. तू पोटुशी असताना रोज ते कपडे धुतलेस. धूळ नाकातोंडात गेली, त्याच हातांनी भाकरी खाल्ली. आईच्या रक्तातून शिसं बाळाच्या मेंदूत जातं." फळ्यासमोर बोलावं तसं बोलले. कोणी रक्त तपासलेलं नव्हतं, मला अंदाजच होता, पण आवाज खात्रीचा होता.

तुझा हात परातीत थांबला. "म्हंजे गिऱ्हानानं नाही," तू म्हणालीस, "म्याच केलं तं."

मग तू विचारलंस, "तवा काही खाल्लं असतं, पालापाचोळा, तं थांबलं असतं का वं?"

"नाही," मी म्हणाले. एवढंच. तव्यावरची भाकरी करपली. आपल्या घरात भाकरी करपलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

पुढच्या सुट्टीत आले तर परसात शेवग्याची फांदी लावलेली. दोन वर्षांत झाड झालं. आपल्या गल्लीत बॅटरीवाले तीन-चार होते. त्यांच्या घरात कोणाला दिवस गेले की तू पाल्याची भाजी करून वाटी घेऊन जायचीस आणि समोर बसून खायला लावायचीस. "कडू लागते तं लागू दे. खाय मुकाट्यानं." आणि जाताजाता बजावायचीस, "नवऱ्याचे कपडे त्याचे त्याले धुवू दे." मी टोमणा मारायचे, "माय, दवाखाना काढला का तू?" तू म्हणायचीस, "दवाखाना नाही वं, भाजी होय." मी लोकांसमोरही म्हटलंय, की पाल्यानं शिसं थांबत नसतं. भाजीनं शिसं थांबतं असं मी आजही ठामपणे म्हणणार नाही. पण कपड्यांचं तू सांगितलंस ते सोळा आणे बरोबर होतं, आणि ते सांगायला या गल्लीत तुझ्याआधी कोणी गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी फक्त तुलाच सांगितलं.

विद्यार्थिनीला मी आपल्या झाडाचा पाला दिला नाही. या मातीत बाबांच्या बॅटऱ्यांचं शिसं मुरलंय, पाल्यावरही असणार, प्रयोग बिघडेल, असं सांगून तिला दुसरबीडला मैत्रिणीच्या मळ्यात पाठवलं. ती गेल्यावर लक्षात आलं, की तू इतकी वर्षं वाट्या वाटल्यास त्या याच झाडाच्या. हे मात्र मी तुला सांगितलं नसतं, माय. जिवंत असतीस तरी नसतं. एवढं आता शिकले आहे.

भाऊ बरा आहे. पन्नाशीकडे आलाय. रोज झाडाला पाणी घालतो, स्टँडवर जाऊन जालन्याच्या गाड्या पाहून येतो, माझ्याआधी जेवत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून हजेरीच्या जुन्या वहीत ठेवते. एक मात्र लिहूनच वही मिटते. बारावीपर्यंत बाबांचे दुकानाचे कपडे मी धुवायचे. घरात ते काम माझं होतं. बुलढाण्याला निघाले तेव्हा तुला तिसरा महिना होता. ट्रंक उचलताना मी विचारलं होतं, कपड्यांचं काय? तू म्हणालीस, "जाय तू. दोन कपड्याचं काय एवढं, मी धुतो." त्या सकाळी मी तुला धूळ, रक्त, मेंदू सगळं क्रमानं सांगितलं, तेवढं एक सोडून. तू परातीत हात थांबवून माझ्याकडे पाहिलंस. तुलाही आठवलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.