आईच्या नावाची पाणपोई

प्रिय उन्मेष,

रविवारी सकाळी प्रेमानंद येऊन फाटकाजवळची जागा मोजून गेला. तू त्याला फोन केला होतास, आम्हाला नाही. त्यामुळे तुझा हा शाळेतला मित्र टेप घेऊन आपल्या कडुलिंबाखाली काय करतोय ते मला आधी कळेचना. म्हणाला, "ताई, तीन रांजण बसते इथं बरोबर. सावली बी आहे. लाल कपडा, पेले, सारं मी पाहून घेतो. तुम्ही फक्त हो म्हणा." मग त्याने मोबाईलवर तू पाठवलेला बोर्ड दाखवला. आईचा फोटो, खाली 'कै. शामला वामनराव ठोंबरे यांच्या स्मरणार्थ', आणि त्याखाली तुझं वाक्य, 'दारी आलेल्याला पाणी दिल्याशिवाय तिने कधी जाऊ दिलं नाही.' बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी बोर्ड पाहिला, चष्मा काढला आणि उठून आत गेले. प्रेमानंदला वाटलं, त्यांना भरून आलं. मी त्याला सांगितलं की पाणपोई लागणार नाही. "काहून ताई? पुण्याचं काम आहे," म्हणाला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. संध्याकाळी तुझा मेसेज आला, 'ताई, हे काय? वर्षश्राद्धाला आईच्या नावाने एवढंही नको तुला?'

त्या 'तुला'चं उत्तर मी लिहून देते आहे. फोनवर तू 'हं, बोल ना' म्हणतोस आणि मागून कुणीतरी तुला सायकलची चेन उतरली म्हणून हाक मारतं. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. ऑफिसात मी पत्रं लिहिते ती सगळी 'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने' अशी असतात, तेव्हा हे कसं वाटेल ते सांगता येत नाही. मडिकेरीच्या होमस्टेचा पत्ता तुझ्या जुन्या पार्सलवर सापडला. शांतपणे वाच. मी मात्र शांत नाही.

तुझ्या सुट्ट्यांपासून सुरू करते. हिवाळाभर तू कूर्गमध्ये लोकांना सायकलवर फिरवतोस, उन्हाळा संपायच्या आत स्पितीला जातोस, आणि मधले थोडे दिवस घरी येतोस. त्या दिवसांत आपलं घर कसं चालायचं ते तुला माहीत नाही, कारण तू झोपलेला असायचास. तू उठेपर्यंत मिक्सर लावायचा नाही. बाबांनी बातम्या आवाज बंद करून बघायच्या. कामवालीला आई फाटकातच गाठायची, "हळू वं, पोरगा झोपून राहिला." तू उठलास की भिंतीला पाय लावून पडायचास, पायातलं रक्त परत येतं म्हणून. पोहे काट्यावर तोलून खायचास. रात्री झोप कशी झाली ते तुझं घड्याळ तुला सांगायचं, आणि आकडा कमी आला की तुझा चेहरा उतरायचा. मग आई मला दम द्यायची की तू बादली आपटलीस म्हणून त्याची झोप मोडली. मी लग्न न करता घरी राहिले, म्हणून 'ताईला सगळं माहीत असतं' असं तू पाहुण्यांसमोर हसत म्हणायचास. होतंच माहीत. तुला माहीत नसलेलं तर सगळंच.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तू ज्याला हार्ट अटॅक समजतोस, त्याच्या आधी दीड वर्ष ती डायलिसिसवर होती. सोमवारी आणि गुरुवारी, रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात. हे वाचून तू थोडा वेळ थांबशील. थांब.

पहिल्या वेळी तिला मशीनवरून काढलं आणि शुद्ध नीट आली, तेव्हा ती सगळ्यात आधी हेच बोलली, "उन्मेषले सांगू नको वं. तो नोकरी सोडून येईल." बाबा म्हणाले, "हो, त्याले काहून त्रास." झालं, ठरलं. घरातले दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून एवढं चटकन ठरवतात, तिसऱ्या माणसाला तोंड उघडायला जागा नसते. तू यायचास तेव्हा आम्ही पहाटेची पाळी मागून घ्यायचो. तुझा डोळा उघडायच्या आत सुई टोचून, रक्त धुऊन, चार तास झोपून ती परत आलेली असायची. तू विचारलंस तर, "कोराडीच्या देवीला जाऊन आली." खरं वाटावं म्हणून मी हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून पेढे घ्यायचे, प्रसाद म्हणून. तू ते कधी खाल्ले नाहीस. साखर नको म्हणायचास.

मशीनच्या सुया टोचता याव्यात म्हणून डाव्या हाताची नस ऑपरेशन करून जाड केलेली होती. मनगटाच्या वर बोट ठेवलं तर आत मधमाशी असल्यासारखं थरथरायचं. म्हणून ती भर मे महिन्यात लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायची. तुला त्यात काही वेगळं दिसलं नाही. "आई, तू काळी पडलीस, उन्हात फिरत नको जाऊ," एवढंच दिसलं. पायावर सूज होती, चप्पल रुतायची. तू तर पायांचा माणूस. टूरवरच्या अनोळखी बाईच्या घोट्याला काय झालं ते तू लांबून चालण्यावरून ओळखतोस, हे तूच जेवताना सांगितलं होतंस. आई त्या वेळी तुझ्या ताटात भाकरी वाढत उभी होती. त्याच पायांवर.

आता पाण्याचं. अशा पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. शरीरातून बाहेर जात नाही ना, सगळं आतच साठतं, आधी पायात, मग छातीत. दिवसभराचं तिचं पाणी एका लहान तांब्यात मावायचं. चहा, वरण, सगळं त्यात धरून. उन्मेष, नागपूरचा उन्हाळा आणि तेवढं पाणी. ती बर्फाचा तुकडा जिभेखाली धरून बसायची. स्वयंपाक करताना नळाकडे बघायची. एकदा पहाटे मी उठले तर माठापाशी उभी होती, प्यायली नव्हती, नुसता माठाला गाल लावून. मी दीड वर्ष तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. शेजारच्या यमुताईंसमोर काढून घेतला, एका वास्तुशांतीच्या जेवणात काढून घेतला. "पोलीस आहे हे माझी," असं ती लोकांना सांगायची. हसून सांगायची, पण त्या हसण्यात माझ्याबद्दल काय असायचं ते मला दिसायचं.

आणि गेल्या मेमध्ये तू आलास आणि दुसऱ्याच दिवशी तिला विचारलंस, "आई, तू दिवसभरात पाणी किती पितेस गं?" तिने काहीतरी सांगितलं. तुला धक्का बसला. तू तुझ्या टूरवाल्या निळ्या बाटल्यांतली एक तिला दिलीस, आत ती फसफसणारी लिंबाच्या चवीची गोळी टाकलीस, आणि संध्याकाळपर्यंत दोनदा संपवायची म्हणालास. वर कौतुकाने, "तुझी टाकी रिकामी आहे, आई. म्हणून दम लागतो तुला." ती म्हणाली, "आला माझा मास्तर." पहिल्या दिवशी तिने ती बाटली गपचूप तुळशीत ओतली. तुला संशय आला. मग तू तिच्याजवळ वेताच्या मोढ्यावर बसायला लागलास, एक एक घोट, समोर. इतक्या वर्षांत तू तिच्याजवळ इतका वेळ कधी बसला नव्हतास.

मी तिला आत ओढून विचारलं, वेड लागलं आहे का तुला, त्या गोळीत मीठ आहे, काय काय आहे, सांगून टाक ना त्याला. तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "तो माझ्या मागं लागून राहिला वं. कोण लागते माझ्या मागं? तुम्ही सारे तं नाही नाही म्हणता." मी बाबांकडे बघितलं. बाबा बाहेर जाऊन तुला म्हणाले, "हो गा, पिऊन राहिली ती, पिऊन राहिली."

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते लिहिते. ती तुझ्या धाकाने प्यायली नाही. ती तहानेने प्यायली. डोळे मिटून, ओठ बाटलीला घट्ट लावून. मी तिला असं सुखात शेवटचं कधी बघितलं होतं ते आठवत नाही. ते सुख तिला तू दिलंस, काही न कळता, फुकट. दीड वर्ष तिला उठवणारी, बसवणारी, पट्टी दाबून धरणारी मी पोलीस, आणि तू लेक.

गुरुवारी तू रामटेकला जायचं काढलंस. ऊन चढायच्या आत जाऊ, सगळे मिळून, मी गाडी सांगितली आहे, असं तुझं. गुरुवार तिचा मशीनचा. मी म्हटलं, शुक्रवारी जाऊ. तू म्हणालास, शुक्रवारी मला सामान भरायचं आहे. आई साडी नेसून तयार. गडाच्या पायऱ्यांवर ती तीनदा बसली, आणि तू पुन्हा तीच बाटली तिच्या तोंडाला लावलीस. तिथला फोटो तुझ्याकडे आहे, तोच तू बोर्डावर टाकला आहेस. त्यात तिचा चेहरा भरलेला दिसतो, तब्येत सुधारल्यासारखा. ती सूज आहे.

शुक्रवारी तू खोलीत सामान भरत होतास तेव्हा तिला धाप लागली. मी हॉस्पिटलात फोन केला, ते म्हणाले लगेच आणा. मी चप्पल घालून दारात उभी, रिक्षा बाहेर, आणि ती आत तुझ्यासाठी तिळाची चटणी कुटत बसलेली. "उद्या जाते ना तो. तो गेला की जाऊ." शनिवारी तुझी गाडी दुपारची होती. तू नमस्कार केलास, तिने तुला फाटकापर्यंत सोडलं. वळणावर तुझी रिक्षा दिसेनाशी झाली आणि ती तिथेच खाली बसली. रामदासपेठेत पोचेपर्यंत तिच्या छातीतून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. मशीन लावायला घेतलं. रविवारची सकाळ तिने पाहिली नाही.

तू विमानाने परत आलास, अग्नी दिलास. बाबांनी तुला हार्ट अटॅक सांगितला आणि मला आईच्या तसबिरीसमोर उभं करून गप्प राहायला सांगितलं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तू गेलास, टूरची माणसं थांबली आहेत म्हणून. जाताना म्हणालास, "निदान शेवटचे दिवस मी तिच्याजवळ होतो." मी कपडे वाळत घालत होते. चिमटा मोडला हातात.

तुला माहीत नव्हतं. हे मला कळतं, कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण माहीत नसणं इतकं आरामाचं कसं असू शकतं? सगळ्यांनी मिळून तुझ्याभोवती उशा रचल्या आणि तू त्यांवर झोपलास. एकदाही तुला वाटलं नाही की हे घर एवढं शांत का आहे. मला आईचाही राग येतो. तिच्यावर आता रागावता येत नाही, फोटोला हार घालायचा असतो. म्हणून तिच्या वाट्याचाही तुझ्यावरच काढते आहे. घे.

पाणपोई लावायची असेल तर लाव. लोकांना तहान लागते, उन्हाळा आहे, प्रेमानंदचा उत्साह आहे. चौकात लाव, तुझं नाव लाव, देवाचं लाव. आईचं नाव आणि तो फोटो पाण्यावर लागणार नाही. ते मी फाडीन, लोक बघत असले तरी फाडीन.

पण एवढ्यासाठी मी लिहिलं नसतं. वर्षभर गिळलं तसं हेही गिळलं असतं, प्रेमानंदला काहीतरी कारण सांगितलं असतं. लिहिलं ते बाबांसाठी. त्यांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ दिसली आहे. तुकडा काढून तपासायचा आहे, डॉक्टरांनी बारा मेची तारीख दिली. बाबांनी ती ऐकली आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "जूनची द्या जी. पोरगा येऊन राहिला मेमध्ये, सुट्टीवर." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "उन्मेषले सांगू नको वं, मिने." मी हो म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन करून जूनची तारीख रद्द केली आणि बारा मेच परत मागून घेतली. सकाळी आठला, उपाशीपोटी. त्यांना हे अजून माहीत नाही. बाराच्या आत ये, आणि आलास की पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर बस आणि तुला सगळं कळलं आहे असं तूच त्यांना सांग. ते चिडतील, माझ्या नावाने ओरडतील, ओरडू दे. बारा तारखेला मी ऑफिसला जाणार आहे. बाबांसोबत तू जायचंस.

तुझीच,
ताई