कपातीची चिठ्ठी येण्याआधी

बाबा, पुढच्या महिन्यापासून आईच्या पगारातून पैसे कापले जाणार आहेत आणि हे अजून तिला माहीत नाही. कोर्टाचा कागद पोस्टमनकडून मीच घेतला. आधीच्या नोटिसाही मीच दडवल्या. ती त्या वेळी गार्डन रीचला असते, तुमच्यामागे मिळालेल्या नोकरीवर, तुमच्याच ऑफिसात. माझ्या कॉलेजच्या कर्जावर माझ्यासोबत तिची सही आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. पुढचं ऐका, हवं तर रागवा. तिसऱ्या वर्षाला भुवनेश्वरहून मी कॉलेज सोडून आलो, कारण इथे एका मुलीचं लग्न ठरत होतं. सरांनी रजा नाकारली, मी ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकलं आणि गाडीत बसलो. त्या मुलीने तिच्या दारातच बंगालीत विचारलं, "के डेकेछे तोके?" कुणी बोलावलंय तुला? तिचं लग्न होऊन गेलं. मी अजून फोनवर तिने फोटो बदलला का ते बघतो. दुसरं कुणी बोलायलाच नाही.

कॉलेज सुटल्यावर पहिले हप्ते थकले, त्यासाठी बँकेचे फोन यायचे, मी शिव्या घालायचो. मग कर्ज मिटवून देतो म्हणणाऱ्या एकाचा गोड फोन आला. "भाईसाब, बँक का फोन उठाना बंद. किस्त भी बंद. हमारी फीस भरो, आधे में लोन खतम." मला कुणीतरी भाईसाब म्हटलं, तेवढंच पुरलं. पुढे आई दर महिन्याला हप्त्याचे पैसे हातात ठेवायची, म्हणायची, "पावती जपून ठेव रे." मी वर्षभर ते त्या माणसाला पाठवले. आता त्याचा नंबर लागत नाही. पत्त्यावर गेलो, तर तिथे चष्म्याचं दुकान.

शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला ऑफिसात न्यायचात, आठवतं? पगाराच्या कागदांत कुणाची तरी कपात निघते. तुम्ही पेन ठेवता, दोन मजले उतरता, त्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसता. "दादा, चा खाबेन?" चहा येतो, मग तुम्ही हळू आवाजात सांगता. एकदा जिन्यात मी म्हटलं, "चिठ्ठीवर कळेलच की त्यांना, तुम्ही कशाला जाता?" तुम्ही खेकसलात, "गाढवा, चार लोकांत वाचायला लागतं त्याला. आधी तोंडाने सांगावं, बसून."

आता ती चिठ्ठी आईच्या टेबलावर येईल, तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांसमोर. ती सहाला घरी येते. स्वयंपाकघरात मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्यात, चहाचं आधण चढवलंय. पाणी दोनदा आटलं, दोनदा नवं घातलं. हे पत्र कुठे पाठवणार, फाडूनच टाकीन. पण खोटं कशाला बोलू, बाबा, वर 'बाबा'च्या जागी आधी मी 'आई' लिहिलं होतं. मग खोडलं.