सान रोकेची नवरी

२२ एप्रिल

यंदा मायोची गाणी पुन्हा गाणार! शेजारची रेमेदियोस पिठाच्या हातांनीच सांगत आली. गावात तरुण पोरी उरल्यात कुठे? म्हणून विधवा, बिनलग्नाच्या, सगळ्यांची नावं टोपीत टाकलीत. माझंही. म्हटलं, काढ. म्हणाली, "टोपीत गेलं ते गेलं." म्हणजे जुनंच सगळं. मे लागायच्या आदल्या रात्री पुरुष प्रत्येकीच्या खिडकीखाली गाणार, आणि शेवटच्या कडव्यात चिठ्ठीत तिच्यासाठी निघालेल्याचं नाव. जो पुरुष वाट्याला येईल तो महिनाभर आपला मायो. नाच त्याच्याशी, गोड पावाचं कडं त्याला, आणि मे संपेपर्यंत गाव सोडायचं नाही.

अठराव्या वर्षी मी उरले होते. पोरं कमी, पोरी जास्त. उरलेलीला देवळातला लाकडी संत, सान रोके द्यायचा, पायाशी बसलेल्या कुत्र्यासकट. शेवटच्या कडव्यात त्याचं नाव आलं आणि सगळी गल्ली हसली. तेव्हापासून मी सान रोकेची नवरी. पुढे खरा कुणी मागायला आलाच नाही. त्याची धूळ मात्र दर शनिवारी मीच पुसते. नवऱ्याचं एवढं तरी करायला नको?

२५ एप्रिल

राउलचा फोन. "आत्या, एक तारखेला गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेव."

हिवाळ्यात बर्फावर घसरले, तेव्हा त्याच्याकडे राहायला यायला हो म्हणून बसले होते. वालेन्सियात त्याच्याकडे खोली आहे, लिफ्ट आहे, समुद्र दिसतो म्हणे. भाचा गुणाचा आहे. नको म्हणायला कारण काय देऊ? इथली सकाळ आवडते, हे काही कारण झालं?

मला जायचं नाही. इथे तरी लिहून ठेवते.

२७ एप्रिल

बॅग भरली. चपला बाहेर काढल्या. पुन्हा आत ठेवल्या.

२८ एप्रिल

धूळ पुसायला गेले तर घंटा वाजवणारा फाबियान दोरीची गाठ बांधत बसलेला. बायको गेल्यापासून फारसा बोलत नाही. आमचं बोलणं हवापाण्याचंच.

"जाणार म्हणे तू."

"जाणार."

बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. म्हणाला, "तिकडे आपली घंटा ऐकू येणार नाही."

"लिफ्टची येईल."

हसला नाही. खिडकीतलं ऊन त्याच्या गुडघ्यावर होतं. ते सरकत सरकत सान रोकेच्या कुत्र्याच्या तोंडातल्या पावावर गेलं, तोवर मी फडकं हातात घेऊन उभीच. घरी आले तर चुलीवरची डाळ करपलेली.

३० एप्रिल

नाव येईपर्यंत खिडकी उघडायची नाही, आणि पसंत असेल तरच दिवा लावायचा. अंधारात बसले. या वयात छातीत धडधड!

खालून गिटार आली, ओल्या गवताचा वास आला. आधी केसांचं कौतुक – सोन्याच्या लडी. गाण्यात शब्द बदलत नाहीत. मग कपाळ, भुवया, गळा, खांदे. आवाज हळूहळू खाली उतरत गेले आणि वाटलं, कुणीतरी माझं एकेक मला परत आणून देतंय. बर्फात दुखावलेला गुडघासुद्धा. खिडकीच्या या बाजूला मी आत्ताची की तेव्हाची, कळेना. संपूच नये असं वाटत होतं.

शेवटचं कडवं. सान रोके!

यावेळी गल्ली हसली नाही. मलाच हसू आलं. इतक्या वर्षांचा संसार, आता नाही कसं म्हणू? दिवा लावला.

१ मे

राउलने बॅग उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ठेव खाली. मी दिवा लावलाय. मे संपेपर्यंत गाव सोडता येत नाही."

"आत्या, तो लाकडाचा आहे गं."

"म्हणूनच. त्याचं कोण बघणार?"

रेमेदियोस दारातून म्हणाली, "रिवाज आहे रे बाबा." पोरगा जेवला आणि एकटाच गेला. जूनमध्ये बघू म्हणाला.

संध्याकाळी रेमेदियोसच्या पोटातलं ओठावर आलं. टोपी तिच्या नवऱ्याच्या हातात होती. माझ्या नावाला चिठ्ठी फाबियानची निघाली होती! तोच म्हणाला म्हणे, "माझं नाव गाऊ नका. मला ती नाही म्हणेल आणि निघून जाईल. रोकेला नाही म्हणायची नाही."

२ मे

पहाटे गोड पावाचं कडं भाजलं. सान रोकेपुढे नाही ठेवलं. घंटेच्या दोरीला बांधून आले.

बारा वाजून गेले, घंटा अजून नाही. दाराशी कुणीतरी घसा खाकरतंय.