लीडर पुढे असतो

२ जानेवारी
संध्याकाळी वहिनी आली होती. दादा जाऊन आता वर्ष होत येईल. तो दर हिवाळ्यात एका पौर्णिमेला रात्री डोंगर चढायचा. वहिनी म्हणाली, मी कधी गेले नाही, हे तिथे काय बघायला जायचे ते एकदा बघायचंय. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी जाहीर केलं, मी नेतो. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो मी. अर्ध्या गावाला रस्त्यावर आणलंय.
बायको म्हणाली, दादा दर वर्षी बोलवायचे तेव्हा मात्र अंगात कणकण असायची. असायची. ती वेगळी.

४ जानेवारी
आजपासून पहाटे उठून चालणे. अलार्म वाजला. बंद केला. पहिल्याच दिवशी शरीराला शॉक देऊ नये.

५ जानेवारी
दुसऱ्या दिवशीही देऊ नये.

८ जानेवारी
केमिस्टही येणार. दादाचा मित्र, त्याच्याबरोबर डोंगरावर जाऊन आलेला. म्हणाला, वाट मला ठाऊक आहे, मी पुढे चालतो. मी स्पष्ट सांगितलं, लीडर मी, पुढे मीच. एका गाडीत दोन ड्रायव्हर नकोत. त्यावर तो म्हणाला, तुझ्या गाडीत तर ब्रेकही दोन असतात. केमिस्ट लोकांना विनोद जमत नाही.

११ जानेवारी
वहिनीने दादाचं जॅकेट पाठवलं. मातकट रंग, उजव्या खांद्यावर पांढरं ठिगळ. वर वारा फार असतो म्हणे. घालून आरशापुढे उभा होतो, तेवढ्यात बायको आली आणि तिच्या हातातलं झाकण खाली पडलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, पाठमोरे होतात म्हणून.
रात्री पाणी प्यायला उठलो. जॅकेट खुर्चीच्या पाठीवर होतं. खुर्चीत कोणी बसलंय असं वाटलं. जॅकेट घडी करून कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं. कपडे नीट ठेवलेले बरे.

१२ जानेवारी, रात्र. गाडीत
काच बंद. दारं लॉक. अक्षर खराब येतंय ते थंडीमुळे.
घडलं ते क्रमाने लिहितो. पायथ्याच्या फाटकावर पहारेकरी शेकोटीपाशी बसला होता. मला बघून उठला, म्हणाला, यंदा उशीर केलात साहेब, मला वाटलं येत नाही आता. मी म्हणणार होतो की तो मी नव्हे. पण वहिनी एकदम रडवेली झाली, म्हणून नुसता हात हलवला.
चढायला लागलो. मी पुढे, मग वहिनी आणि केमिस्ट, सगळ्यात मागे गुडघा धरून बायको. चांदणं असं की टॉर्च लावला काय, न लावला काय. गवतावर दव गोठलेलं. मी मागच्यांना सतत सूचना देत होतो. पाय बघून टाका. श्वास नाकाने घ्या. जरा वेळाने सूचना थांबवल्या, कारण श्वास मलाच तोंडाने घ्यावा लागत होता.
तेव्हा आवाज ऐकला. खडीवर पावलं. मागून नाही, पुढून. चार पावलं टाकायची आणि घसा खाकरायचा. ही चाल जगात एकाच माणसाची होती.
केमिस्टने शॉर्टकट मारला असणार म्हणून मागे पाहिलं. तो खालच्या वळणावर वहिनीला हात देत होता.
वरच्या वळणावर कोणीतरी पाठमोरं उभं होतं. मातकट जॅकेट. उजव्या खांद्यावर ठिगळ. मी माझा खांदा चाचपला. ठिगळ जागेवर होतं. माझा पाय आपोआप ब्रेक दाबायला लागला. डोंगराला ब्रेक नसतो.
मान न वळवता तो म्हणाला, ए भोपळ्या, चल की.
मला भोपळ्या म्हणणारा माणूस आता नाही.
मी शांतपणे परिस्थितीचा आढावा घेतला. गाडी खाली एकटी होती. शिकवणीची गाडी, जबाबदारी माझी. कडेच्या घळीतून थेट खाली आलो. बहुतांश बसून. पँटचं नुकसान झालं आहे.

तीच रात्र, नंतर
काचेवर टकटक झाली. मी ओरडलो, असं बायकोचं म्हणणं आहे. फाटकापर्यंत ऐकू गेलं, असंही म्हणणं आहे. तिच्या गुडघ्याने संप केला म्हणून ती अर्ध्यातून परतली. विचारलं, तुम्ही इथे कसे? मी म्हणालो, तुझीच वाट बघत होतो. तिने मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. एकही टोमणा मारला नाही. हे तिच्या स्वभावात नाही.

१३ जानेवारी
उजाडल्यावर वहिनी आणि केमिस्ट उतरले. वहिनीचा चेहरा असा मी वर्षभरात पाहिला नव्हता. म्हणाली, भावजी, किती सांभाळून नेलंत. प्रत्येक वळणावर थांबायचात, आम्ही दिसलो की पुढे निघायचात. वर कड्यापाशीही किती वेळ नुसते उभे होतात. केमिस्ट म्हणाला, मानलं बुवा, मला तर तुला गाठताच आलं नाही.
बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गाडी सुरू केली. तीनदा बंद पडली.

१४ जानेवारी
नीट विचार केला. दमलेल्या माणसाच्या लक्षात सगळं राहत नाही. मी वर गेलो असेन आणि विसरलो असेन. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही माझ्या शेजारी घोरत होतात.
रात्री दिवा चालू ठेवून झोपणार. नवा बल्ब आहे, टेस्ट केलेला बरा.

१६ जानेवारी
वहिनीला खरं सांगायचं ठरवून तिच्या घरी गेलो. हवामान, पेट्रोलचे भाव, तिच्या गच्चीची गळती यावर चर्चा केली. परत आलो.

१९ जानेवारी
स्कूलमध्ये एक बाई गाडी शिकताना म्हणाल्या, सर, तुम्ही सारखं मागच्या सीटकडे का बघता? आरसा तपासत होतो.

२२ जानेवारी
आज वहिनी स्वतःच आली. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा जायचं म्हणाली. मी घसा साफ केला आणि प्लॅन सांगायला लागलो. ती हसली. म्हणाली, भावजी, तुम्ही खाली गाडीपाशीच थांबा, गेल्या खेपेसारखे.
मी विचारलं, कोणी सांगितलं? बायकोकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.
वहिनी म्हणाली, कोणी कशाला सांगायला हवं? त्या दिवशी तुमचं कौतुक केलं ते केमिस्टसमोर म्हणून. तुमच्या सूचना थांबल्या त्या वळणापासून माथ्यापर्यंत पुढे चालणारा माणूस एक अक्षर बोलला नाही. तुम्हाला हे जमलं असतं का?
मग उठली. दारात चपला घालताना म्हणाली, वर मीही काही बोलले नाही. बोलले तर जातील असं वाटलं.

तर पुढच्या पौर्णिमेला माझ्याकडे गाडीची जबाबदारी आहे. महत्त्वाचं काम आहे, कोणालाही देत नाहीत. फक्त पहाटेपर्यंत खाली एकट्याने बसायचं.
बायकोला विचारलं. येते म्हणाली.