आठवी मूठ

चिंचपाडे, सोनगीरजवळ,
जिल्हा पश्चिम खानदेश.
श्रावण शुद्ध द्वादशी, शके १८५८

तीर्थस्वरूप सुकदेवनाना यांच्या चरणी भाची प्रमिलेचा दंडवत. (दंडवत मनातल्या मनात घातला आहे, कारण सध्या मला वाकता येत नाही. का ते पुढे येईलच.) इकडे मी खुशाल आहे, म्हणजे पोट सोडून बाकी सगळी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मेहरूणच्या तलावापर्यंत सकाळी फिरून येता, की नुसते निघता आणि वाटेत कय्युमभाईंच्या दुकानात बसून परत येता? मामींचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. थांबला नसेल तर त्यांना म्हणावे, शिलाईयंत्राशी बसून भांडण्याऐवजी उभ्याने भांडा, म्हणजे छाती मोकळी राहील.

तुमचे पत्र पावले. माझ्या बदलीसाठी तुम्ही बोर्डाच्या साहेबांकडे चार खेटे घातलेत, त्यांच्या कोटाला फुकट अस्तर लावून दिलेत, आणि जळगावच्या मुलींच्या शाळेतली जागा माझ्यासाठी धरून ठेवलीत. आता पौर्णिमेच्या आत मी होकार कळवला की काम झाले, नाही तर ती जागा दुसरीला जाईल. मी गेल्यावर इथला मुलींचा वर्ग बंद होईल, कारण या आडगावी दुसरी बाई यायची नाही, हेही तुम्ही लिहिले आणि पुढे लिहिले की त्याची काळजी तू कशाला करतेस. खरे आहे. गेल्या पत्रात मीच तर रडले होते की माझी देवावरची श्रद्धा उडाली, शिकवण्यावरची उडाली, आणि आता फक्त छपराची कौले उडायची राहिली आहेत. त्यावर तुम्ही धीर यावा म्हणून पोथी पाठवलीत, रोज एक अध्याय वाच म्हणालात. पहिला अध्याय मी वाचला. दुसऱ्याचे कोपरे वनाने खाल्ले. तिसऱ्यावर तो झोपला, आणि लहान मूल ज्यावर झोपते ते पुढे वाचण्याजोगे राहत नाही.

वना म्हणजे दीड वर्षाचा गृहस्थ, माझ्या शाळेतला सर्वांत नियमित विद्यार्थी. पटावर नाव त्याच्या बहिणीचे आहे, भिकीचे; पण इथल्या मुली शाळेत येतात त्या कडेवर धाकटे भावंड घेऊनच. आया शेतात निंदायला जातात, मग पोरे कोण सांभाळणार? त्यामुळे माझ्या वर्गात पाट्या थोड्या आणि नाके फार. ट्रेनिंगला आम्हाला शिकवले होते की वस्तू दाखवून शिकवावे. मी चिंचोके दाखवले, ते पोरांनी भाजून खाल्ले. मातीचे गोळे केले, ते कच्चेच खाल्ले. खडू मी आता पदरात बांधून ठेवते. आणि भिकी! आठ वर्षांची ही पोर निंबा पाटलांची, म्हणजे शाळाकमिटीच्या मेंबरांची लेक. पण वर्षभरात तिने पाटीवर एक रेघ ओढलेली नाही. 'अ' काढ म्हटले की कमरेवर हात ठेवून विचारते, "बाई, हाई शिकीसन काय व्हई?" याचे उत्तर ट्रेनिंगला शिकवलेले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही ते ठाऊक नव्हते, म्हणून तर तुम्हाला तसले पत्र लिहिले.

आषाढ सरता सरता मी सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, शिकवायला घेतली. भिकीने नेहमीचा प्रश्न विचारला. आणि नाना, त्या दिवशी प्रथमच मला उत्तर सुचले! म्हटले, "अगं, कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आजी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेते ना? मग सांग, चार माणसांचे किती?" सगळ्या वर्गाच्या माना वर झाल्या. वनासुद्धा चघळायचा थांबला. मग मी प्रत्येकीला घरची माणसे मोजायला लावली, आणि एवढी मोजणी चालली की दुपारची सुटी झाल्याचे कोणाला कळले नाही. माझ्या शिकवण्याने पोरी सुटी विसरल्या! मी फुलून गेले होते. तेवढ्यात भिकीने विचारले, "बाई, तुम्ही कोना घरमा?" मी म्हटले, "बडबड करू नकोस, पाढा म्हण." तिने म्हटला. पण माझ्याकडे बघत बघत म्हटला.

पुढे गावात काय झाले ते ऐका. नागपंचमी झाली, घरोघर बायका कानबाईचे गहू काढायला बसल्या, आणि माझ्या शिष्यिणी आज्यांच्या समोर तपासनीस होऊन उभ्या राहिल्या. आजवर आज्या काय करत, एक मूठ घेत आणि वर देवीचे नाव घेऊन चिमूटभर टाकत, झाला सव्वा. माझ्या पोरी म्हणू लागल्या, "हाऊ पाव नही! पाव म्हंजे मूठना चौथा भाग!" एका घरी चिमटीचा पाव करण्यावरून सासूसुनांचे जुने भांडण नव्याने निघाले. दुसऱ्या घरी आजी म्हणाली, माझी मूठ हीच मूठ. तर नात म्हणाली, आबाची मूठ मोठी आहे, मग देवीने कोणाची खरी धरायची? शेवंताबाई न्हावीण मला वाटेत गाठून म्हणाली की बाई, शाळेत देवाधर्माचे शिकवा, पण एवढे मोजून शिकवू नका. मी मान खाली घालून ऐकले, आणि घरी येऊन ट्रंक भरायला काढली.

ट्रंक अर्धी भरली असेल. (तुमची पोथी तळाशी घातली होती, निदान उरलेले अध्याय सुरक्षित राहावेत म्हणून.) तोच दारात भिकीची आजी, मंजुळाबाई, आणि तिच्या मागे अर्धी गल्ली. मला वाटले, आता मार खायचा तेवढा राहिला आहे. पण आजी रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. तिचे घर सात माणसांचे. भिकीने साताचा हिशेब केला तर पावणेनऊ मुठी आल्या. अपुरी मूठ भिकीला खपेना. आठ माणसे असती तर बरोब्बर दहा झाल्या असत्या. म्हणून आजीचे लक्ष नाही असे पाहून बयेने माझे नाव घेतले, टोपल्यात आठव्या माणसाचे गहू टाकले, आणि गहू जात्यावर गेले तेव्हा सगळ्यांना मोठ्याने सांगितले, की पहा, आठ सवा दहा, कसे सरळ आले!

आता तुम्हाला काय सांगायचे, तुमच्याही घरी कानबाई आहे. ज्याच्या नावाने दाणा पडला त्याने तो रोट खायचा, आणि कुळाबाहेरच्या माणसाला त्यातला कणही द्यायचा नाही. आजी म्हणाली, "बाई, तुन्हा नावना दाना दळाई ग्या. आते मी देवीले काय सांगू?" निंबा पाटील सुधारक माणूस, चष्मा लावणारे. ते म्हणाले, त्यात काय एवढे, बाईंच्या वाटणीचे पीठ काढून नदीत सोडून देऊ. आजी त्यांच्यावर अशी उसळली की चष्मा त्यांनी काढूनच ठेवला. "माणूसले नदीमा टाकशी का रे?"

मग माझी उलटतपासणी झाली. "सासरमा तुन्हा नावनी मूठ पडस का?" म्हटले, हे गेल्यापासून पारोळ्याला माझी मूठ पडत नाही. "माहेरमा?" म्हटले, आईवडील नाहीत, घरच राहिले नाही. "मामाना घर?" म्हटले, मामा जिवापाड करतात, पण त्यांचे कुळ वेगळे. आजीने मिशरीचे बोट तोंडात घातले, बराच वेळ दात घासत विचार केला, बाहेर जाऊन थुंकून आली आणि निकाल दिला, "मंग तू रिकामीच शे. चाल."

नाना, इतक्या थोड्या शब्दांत कोणी कोणाला घरात घेतले असेल असे मला वाटत नाही. न्हाऊन ये म्हणाली, आले. रविवारी नारळाला डोळे लावले, नथ घातली, कानबाई बसली, आणि मी पाटलांच्या पंगतीत आठव्या पाटावर. इथवर सारे गोड. पण रोट असतात जाड, सोबत खीर, डांगराची भाजी आणि डाळ. आणि माझ्या वाटणीचे दुसऱ्या कोणी खायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे! सात माणसे मला खाताना पाहत बसतात. मी हात आखडला की भिकी म्हणते, "बाई, हिसाब चुकी!" सोमवारी देवी उठवायला नदीवर गेलो तर बायकांनी मला फुगडीला ओढले. पाटलीणबाईंचे वजन आणि माझ्या पोटातले रोट यांचा अंदाज चुकला, आणि गावची शिक्षिका देवीसमोर चिखलात आडवी झाली. वाकता का येत नाही ते आता कळले असेल.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी भिकीला बाजूला घेऊन विचारले. हिशेबच सरळ करायचा होता ना? मग घरात बकरी होती, येणारी आत्या होती, माझेच नाव का? तिने वनाला या कडेवरून त्या कडेवर घेतले आणि फार सोपे गणित सांगितल्यासारखी म्हणाली, "तुमले कोनी मोजेल नही ना, म्हनीसन."

मला रडू आले. वर्गासमोर, पदर तोंडाला लावून रडले, आणि पदरातले खडू सुटून खाली पडले. ते पोरांनी उचलले आणि एकानेही खाल्ला नाही. तुम्ही म्हणाल, नारळात देवी असते की नसते याचा निकाल यातून कुठे लागला? तो लागला नाही. पण मी शिकवलेली एक गोष्ट एका पोरीने उचलली, आणि ती घेऊन थेट माझ्याकडेच आली, एवढे मात्र मी पाहिले. हे शिकून काय होते, याचे उत्तर तिनेच मला दिले. पोथीतला चौथा अध्याय मी काल वाचला. बरा वाटला.

असो. बदलीचे हे असे आहे. साहेबांना नमस्कार, मामींना नमस्कार.

तुमची,
प्रमिला

ता. क. कोटाच्या अस्तराचे वाईट वाटते, पण ती जळगावची जागा दुसरीला जाऊ द्या. माझा नकार साहेबांना आजच कळवा. मी स्वतः कळवला तर ते मला वेडी म्हणतील, तुम्ही कळवलात तर तुम्हाला म्हणतील.

ता. क. दुसरा. मामींना सांगा, दरसाल रोटांच्या दिवसांत मला एकटीला वेगळे बसून जेवावे लागते म्हणून त्या माझ्यासाठी मुद्दाम शेवयांची खीर करत, आणि सगळ्यांसमोर म्हणत की प्रमिलेला रोट आवडतच नाहीत. मला ते कळत होते. रोट मला फार आवडतात. (आवडत होते. ओवा आणि सुंठ मिळेल तेवढी टपालाने धाडा.)

ता. क. तिसरा. भिकी येऊन विचारत होती की एवढे काय लिहिताय. म्हटले, माझे मामा मला जळगावला बोलावतात, त्यांना उत्तर लिहिते. तिने वनाला माझ्या मांडीवर आदळले आणि हातातली लेखणी ओढून घेतली. पाटीला कधी हात न लावणारी ही पोर वर्षभर नुसती बघून सगळी अक्षरे शिकली होती, हे मला आत्ता कळते आहे! तिचे हे पहिलेच लिहिणे; एकही काना मी सुधारलेला नाही. शाईचा डाग वनाचा आहे.

नाना बाई आमना घरनी शे भिकी