कोरड्या स्लॅबचे दिवस

९ जानेवारी, बुधवार
आज स्लॅब टाकला. शाळेमागची दहा बाय बाराची खोली, आमच्या शिपाईण कौसामावशींसाठी. बारावी बांधकामवाल्यांचं वर्षाचं प्रॅक्टिकल हेच. पोरं घमेली वाहत होती, मी वही घेऊन उभी. पांचाळ सर म्हणाले, "शिवकांता, तू लिहायचं बघ. अक्षर चांगलं हाय तुझं." टायपिंगला जागा नव्हती म्हणून इकडे आले, आणि इथेही लिहायचंच.

दोन वर्षांत थापी मिळाली ती सरावापुरती. चिखलात विटा लावायच्या, सर ओळंबा धरून मार्क देणार, की लगेच पाडायच्या आणि घासून पुढच्याला द्यायच्या. माझी एकही भिंत दुसऱ्या दिवशी उभी नव्हती. ही खोली तरी राहणार. हिच्या पश्चिम भिंतीचे खालचे चार थर माझे आहेत. पोरं जेवायला गेली तेव्हा लावले. कुणाला ठाऊक नाही.

१० जाने.
मला काम मिळालं, पाणी मारायचं. सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. रजिस्टरात वेळ लिहून सही. टँकर शाळेला रोज दोन बॅरल देतो, त्यातलं एक स्लॅबचं. वर मातीची आळी केली, भरली. सिमेंट पाणी पितं ते ऐकू येतं. आज मन लागलं.

१२ जाने.
टँकर दुपारी आला. स्लॅबचं बॅरल मुख्याध्यापकांच्या घरी. पाहुणे आलेत म्हणे. सरांना सांगितलं. "लिहून टाक. तपासायला कोण येऊन राहिलंय?"
लिहिलं. सकाळी ८, संध्या. ५. खाली माझी सही, वळणदार. शी.

१४ जाने., संक्रांत
मुख्याध्यापक तिळगूळ वाटत वर्गात आले. शुक्रवारी जिल्ह्याचे साहेब येणार, खोलीचं उद्घाटन त्यांच्या हस्ते. त्याआधी स्लॅबखालचं सेंट्रिंग, फळ्या-टेकू सगळं काढा.
पां. सर : "सर, तवर आठच दिवस व्हायलेत."
मुख्या. : "लातूरला जाऊन बघा. जिल्हा झाल्यापासून महिन्यात बिल्डिंगा उभ्या राहून राहिल्यात. तुमची एक खोली व्हईना?"
सरांनी मान डोलावली. याच माणसाने फळ्यावर 'सेंट्रिंग किमान चौदा दिवस' लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. माझ्या तोंडात तिळगूळ होता, बाहेर जाऊन थुंकले.

१५ जाने.
सकाळी लवकर गेले. कौसामावशी स्लॅबच्या बॅरलमधून घागर भरत होत्या. मी म्हणाले, हे स्लॅबचं आहे. तुमच्याच खोलीचं.
"ठाव हाय. स्लॅबाला न्हाई मिळालं तर त्यो रडत न्हाई माय. माझी पोरगी रडती."
नळ चौथ्या दिवशी, तोही अर्धा तास. त्यांची सासू आणि चार वर्षांची पोर पत्र्याच्या खोपटात दिवस काढतात. घागर डोक्यावर चढवायला मीच हात लावला. उरलेली दीड बादली वर ओतली. आळ्यांचा तळसुद्धा भिजला नाही.
रजिस्टर : सकाळी ८, संध्या. ५.

१६ जाने.
आज दोन्ही बॅरल ग्राउंडवर सड्याला. साहेबांच्या गाडीला धूळ लागू नये. उरलेलं वृक्षारोपणाच्या खड्ड्यांत. गावातल्या बाया कुंपणाबाहेर कळशा घेऊन उभ्या राहून बघत होत्या, आणि आमची पोरं त्यांच्यासमोर मातीवर पाणी शिंपडत होती, हसत. मला सगळ्यांचा वीट आला. पोरांचा, सरांचा, माझ्या अक्षराचा.

१७ जाने.
सेंट्रिंग काढलं. छताला दारापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत तडा. केसाएवढाच, पण आरपार असावा. पोरं गेल्यावर वर चढले, खिळ्याने ओरखडलं. पिठासारखा भुगा निघाला. सरांना बोलावून दाखवला. त्यांनी बोटावर घेतला, फुंकला. मग खालून सिमेंटचा रबडा भरला, वर चुना.
"एक-दोन वरीस तर कळत न्हाई."
"आणि नंतर?"
"नंतर तू पॉलिटेक्निकला आसशील."

१८ जाने.
साहेब तीन तास उशिरा. फीत कापली, रोप लावलं, तांब्याने पाणी घालतानाचा फोटो. खोलीत जाऊन छताकडे बघितलंही नाही, रजिस्टर मात्र चाळलं. "वा. अशी शिस्त पाहिजे. कुणाचं अक्षर?" मला पुढे ढकललं. टाळ्या. नारळ दिला.
तो घरी आणला नाही. मारुतीच्या पारावर ठेवून आले.

२० जाने., रविवार
अप्पांना सगळं सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गूळ फोडता फोडता ऐकत होते.
"प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या हातात?"
"सरांच्या. आणि बाहेरून परीक्षक येतात."
"पॉलिटेक्निकला जायचंय का न्हाई?"
जायचंय. भिंत बांधून दुसऱ्या दिवशी ती उभी बघायचीय. तिथे नाही गेले तर उन्हाळ्यात उदगीरचं स्थळ ठरलेलंच आहे.
"मंग गप ऱ्हा," अप्पा म्हणाले. बाप वाईट माणूस नाही. म्हणून जास्त राग आला.

२२ जाने.
कौसामावशींना गाठलं. म्हणाले, खोलीत राहायला जाऊ नका, स्लॅब कच्चा आहे.
त्यांना माहीत होतं. पां. सर आधीच सांगून गेलेत : बोभाटा झाला तर स्लॅबचं पाणी तूच चोरलंस म्हणून लिहून देऊ, नोकरी जाईल. दोन बॅरल सड्याला गेली, एक पाहुण्यांना, आणि चोर कोण तर चार घागरी नेणारी.
"तू रोज पाणी मारलं म्हनून लिव्हलंस ना? तेच ऱ्हाऊ दे माय. माझी भाकर त्यात हाय."
म्हणजे माझ्या खोट्या सह्यांवर आता यांची नोकरी उभी आहे. खरं बोलले तर भाकरी जाणार, नाही बोलले तर डोक्यावर ते छत.

२४ जाने.
मावशी राहायला गेल्या. दूध उतू घालायला दूध नव्हतं, वाटीभर मिळालं ते सासूने चुलीवर ठेवलं. आम्हाला चहा. पोर नव्या फरशीवर लोळत होती, तिला ती गार लागली म्हणून हसत होती. तिची वाकळ मधोमध अंथरलेली.
वर बघितलं. चुन्यातून रेघ परत दिसायला लागली आहे. सात दिवस झाले फक्त.
वाकळ भिंतीकडे सरकवली. मावशी बघत होत्या.

२८ जाने., सोमवार
प्रॅक्टिकल. परीक्षक लातूरहून आले, वयस्कर, चष्मा दोऱ्याने बांधलेला. पोरांना दोन-दोन प्रश्न. माझ्यासमोर रजिस्टर ठेवलं.
"स्लॅबचं सेंट्रिंग किती दिवसांनी काढायचं?"
"चौदा."
"इथं किती दिवसांनी काढलं?"
पां. सर खिडकीतून बाहेर बघत होते. दारात मावशी चहाचा ट्रे घेऊन, पदराला पोर. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून.
गप्प राहायचं ठरवूनच गेले होते. मग पोरीकडे लक्ष गेलं. नवं घर मिळाल्यापासून ती सगळ्यांना 'आमच्या घरी चला' म्हणते. आत्ताही परीक्षकांचा सदरा धरून तेच म्हणत होती.
मी म्हणाले, "आठ. आणि हे रजिस्टर खोटं आहे. सह्या माझ्याच आहेत. पाणी सड्याला गेलं. वर जाऊन खिळ्याने ओरखडून बघा."
त्यांनी चष्मा काढला, पुसला. सरांना म्हणाले, "शिडी लावून ठेवा. जेवण झाल्यावर चढतो."

शाळेलगतच मुख्याध्यापकांच्या घरी जेवण आहे. अडीच तास झाले, अजून आतच आहेत. मधूनमधून हसणं ऐकू येतंय. मार्कांचा कागद पां. सरांच्या खिशात, माझ्या नावापुढे कोरा. शिडी लावलेली आहे, मी खाली बसून हे लिहितेय, कुणी ती नेऊ नये म्हणून.
कौसामावशी आत्ता खोलीतून बाहेर आल्या. मला वाटलं शिव्या देतील. त्या शेजारी टेकल्या, खालच्या आवाजात विचारलं,
"माय, सायब चढायच्या आधी सामान बाहेर काढू, का नंतर?"